उतरलेला सूर

जत्रेत नाचाआधी गावच्या मेलेल्यांसाठी क्लॅरिनेटवर रडगाणं वाजवायचं, ही ग्रीसमधल्या आमच्या एपिरसची रीत. यंदा स्टेर्योसकाकांच्या जोडीला दुसरा क्लॅरिनेटवाला म्हणून शहरातून झीसिस आला होता. त्याने सूर लावायला घेतला आणि काकांनी तोंड वाकडं केलं.

"शी! चढलाय तुझा सूर. क्लॅरिनेट आहे की हाड, असं चावतोयस? ओठ सैल सोड."

झीसिसने सूर तपासायचं यंत्र पुढे धरलं. हिरवा दिवा. "माझा बरोबर आहे, काका. तुमचा उतरलाय."

"हे डबडं मला शिकवणार? थू! आणि मागे हे व्हायोलिन, हा लाउटो माझ्याशी जुळतात, ते काय बेसुरे?"

व्हायोलिन माझं, आणि लाउटो हे तंतुवाद्य माझ्या सोबत्याचं. मीच बोललो, "कवळी बसवल्यापासून तुमचे ओठ सुटतात, सूर उतरतो, काका. दर जत्रेला आम्हीच तारा उतरवून घेतो."

काकांनी कवळी काढली आणि माझ्या दारूच्या पेल्यात टाकली.

"मला वाटायचं, रडगाणं मी मेलेल्यांसाठी वाजवतोय," बोळक्या तोंडाने ते म्हणाले. "तुम्ही तर ते माझ्यासाठी वाजवत होतात की रे."