अमावस्येची सुट्टी

"येत्या अमावशेला येऊ नका," मालनबाई म्हणाली.

सहादेव चपला घालता घालता थांबला. बारा वर्षं ती नेमकं उलटं सांगत आली होती.

सहादेव विहिरी खोदणाऱ्या टोळीत होता. काम पारनेरच्या बाजूला, घर मिरजगावजवळ. पावसाळ्यात खोदाई थांबली तरी विहिरी बांधून काढायचं काम असायचंच. रविवार, सणवार असली चैन त्या धंद्यात नव्हती. सुट्टी एकच, अमावस्येची. त्या दिवशी विहिरीत उतरायचं नाही आणि दगड-मुरूम वर ओढणारी यारी चालवायची नाही. यारीपुढं नारळ फोडायचा आणि थांबायचं. ही रीत कोणी घातली, ते टोळीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

गाव अमावस्येला टरकून असायचं. शेजारची भागिरथीकाकू त्या दिवशी प्रवासाचं नाव काढू द्यायची नाही. तिठ्यावर उतरून टाकलेलं लिंबू दिसलं, की सुनांना लांबच्या वाटेनं पाण्याला धाडायची. मालनबाईचं सगळंच निराळं. पाडव्याला नवं पंचांग आलं की ती देवळात जाऊन पुजाऱ्याकडून साऱ्या अमावस्या मोजून घ्यायची. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बारा. म्हणजे नवरा बारा वेळा दिसणार. शहाण्णव साली अधिक महिना आला आणि तेरा निघाल्या, तेव्हा तिला लॉटरी लागल्यासारखं झालं. तिनं ते भागिरथीकाकूला सांगितलं.

"बये, दुसऱ्या कुनाला सांगू नको असलं," काकू म्हणाली.

अमावस्येला एसटी रिकामीच धावायची. तरी सहादेव यायचा चारच्या गाडीनं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता परत जायचा. सकाळच्याच गाडीनं यायला या माणसाला काय होतं, हे मालनबाईला कधी कळलं नाही. टोळीत गप्पा ठोकत बसत असेल, अशी तिची खात्री होती. वर कोपरापर्यंत हात काळेकुट्ट. राख, रॉकेल, साबण, सगळं लावून अर्धा तास घासावं, तरी नखांतलं काळं दोन दिवस जायचं नाही. महिन्यातून एक संध्याकाळ मिळायची आणि तिचीही सुरुवात मोरीत भांडून व्हायची.

"सुट्टीच्या दिशी कुटं हात काळं करून येता?"

"यारीजवळ आसतंय थोडं काम," एवढंच सांगून तो हसायचा. खुलासे करणाऱ्यातला तो नव्हता.

पण या खेपेची गोष्ट वेगळी होती. लेकीला, भारतीला बघायला बेलापूरचे पाहुणे येणार होते. पोरगी बारावी झालेली, मुलगा दवाखान्यात कंपाउंडर. याआधी दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. बापच घरात दिसत नाही, असं मागून त्यांनी बोलून दाखवलं होतं. हे तिसरं स्थळ हातचं गेलं, तर पुढं कोण येणार, या विचारानं मालनबाईला झोप नव्हती. अमावस्या होती शुक्रवारी. त्या दिवशी मुलगी बघायला कोण येतो? पाहुण्यांनी रविवार धरला होता. आणि दोन सुट्ट्या टोळीत कोणाला मिळत नव्हत्या.

सहादेवनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग शुक्रवारी काम करतू, रविवारी येतू. टोळीला मी समजावतू."

"आन हात तेवढं सोच्छ ठिवून या. पाव्हन्यांफुडं तसलं काळं हात नकोत."

"बरं," तो म्हणाला आणि गाडीला गेला.

शुक्रवारी दुपारी यारीचा तारेचा दोर तुटला. दगडांनी भरलेली बकेट खाली आली. खाली सहादेव होता.

शनिवारी टेम्पोतून त्याला घरी आणलं. अंगणात गाव जमलं. "अमावशेला यारी चालवली, दुसरं काय व्हनार," भागिरथीकाकू म्हणाली आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मालनबाईकडं मात्र कोणी बघेना. अमावस्या कोणी मोडायला लावली, ते सगळ्यांना ठाऊक झालं होतं. तिलाही ते पटलं होतं. बारा वर्षं जिची वाट बघितली, तिचा एकदा अव्हेर केला, आणि तिनं नवरा नेला. स्वतःचीच तिला किळस आली.

टोळीतला सगळ्यात जुना माणूस, राधाकृष्ण, तिच्यापासून थोडं अंतर ठेवून बसला होता.

"अमावशेचा काय दोष न्हाई, वयनी," तो म्हणाला. "त्या दिशी यारी बंद आसायची, म्हनून सहादेव दोर उतरवायचा. आख्खा दोर बोटांनी चाचपायचा, त्याला तेल पाजायचा. तुटल्याली तार डोळ्याला दिसत न्हाई, हाताला लागती. दुपार व्हायची. मंग एसटी धरायचा. दर अमावशेला."

मालनबाईनं मान वर केली.

"ह्या टायमाला मी आठवन दिली व्हती," राधाकृष्ण म्हणाला. "तर म्हनला, आता नगं, सोमवारी आल्यावर करतू. का, ते काय बोलला न्हाई."

आंघोळ घालायला बायकांनी पाणी आणलं. मालनबाई उठली आणि सवयीनं चुलीतली राख मुठीत घेऊन आली. नवऱ्याचा हात तिनं आपल्या हातात धरला.

राखेची गरज पडली नाही. पहिल्याच तांब्याला मुरमाची धूळ वाहून गेली आणि हात नखांपर्यंत स्वच्छ निघाले.