राखणीचे दिवस

सत्यभामेने नवऱ्याची वाकळ आतल्या खोलीतून उचलली आणि ओसरीवर आणून टाकली.

"आज न्हाई," ती म्हणाली.

मसाजी नुकताच मेंढरे कोंडून आला होता. त्याने वाकळीकडे पाहिले, मग आईकडे. भागाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"आता काहून ग? भीतीचे दिस सरले की. म्या सोताच बोलावून आणलं त्याला."

भीतीचे दिवस कोणते, हे शिरड शहापुरात कुणाला सांगावे लागत नव्हते. बाई बाहेर बसली, चौथ्या दिवशी न्हाली, की तिची कूस पावसानंतरच्या रानासारखी वाफशावर येते. तेव्हाचे पेरलेले उगवते. पुढे रान सुकत जाते, मग भीती नाही. मागच्या बाळंतपणात सत्यभामेचे फार रक्त गेले. सुईण भिकाबाईने उंबऱ्यातच बजावले, "पुन्यांदा पोट राहिलं तर ही बाई जाईल." तेव्हापासून भागाबाईने सुनेची राखण धरली. सून न्हाली की लेकाला मेंढरांमागे कुरुंद्याकडे हळदीच्या रानात धाडायची. सुनेची कूस सुकली असे वाटले की निरोप पाठवून परत बोलवायची. सून जगावी म्हणून इतके करणारी सासू गावात दुसरी नव्हती.

तरी सत्यभामेला पुन्हा दिवस गेले. ते पोट आपणहून पडले, म्हणून ती वाचली. भागाबाईने राखण आणखी कडक केली.

"आत्याबाई, त्या खेपेला बी तुमी मला राखलंच होतं. मंग पोट राहिलं कसं?"

"नशीब."

"नशीब न्हाई. शेळीचं जे आपल्याला कळतं, ते आपलं आपल्याला कळंना."

मसाजी हसला. "घ्या! आता शेळ्या शिकवून राहिल्या हिला."

"हसा. शेळीला बोकड कधी दावता तुमी?"

"माजावर आली की."

"अन् माजावर आली हे कशावरनं वळखता?"

मसाजीचे हसू ओसरले. शेळी ओरडते, शेपूट हलवते, आणि मागून काचेसारखी स्वच्छ तार लोंबते. रक्त नसते. हे त्याला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक होते.

"माय बसली हाय समोर. काय बोलून राहिलीस?" तो पुटपुटला.

"बसू द्या. मरायचं मला हाय. लाज कुणाची धरू?" सत्यभामा सासूकडे वळली. "न्हाल्यावर मी कोरडी असते, आत्याबाई. मंग मधल्या दिसांत ओल सुटते. आधी चिकट, मंग अंड्यातल्या पांढऱ्यावानी निसरडी. बोटांत ताणली तरी तुटत न्हाई. ओटीपोटात एका अंगाला कळ येते. मंग पुन्हा कोरडी. पोट पडल्यापासनं दर महिन्याला पाहून राहिले मी. तुमी ह्यांना रानात धाडता तवा मी कोरडी. बोलावून घेता, तवाच माझा वाफसा."

"वाडवडलांनी सांगितलेलं खोटं, अन् तुझी ओल खरी?"

"वाडवडलांना बाळंत व्हावं लागत नव्हतं."

मसाजीने मान खाली घातली. भागाबाईचा आवाज चढला.

"तुझे ते दिस टाळले की पोट राहणारच न्हाई, अशी जबान देतेस का?"

"न्हाई देत. अंग हाय, कधी पुढंमागं होईल. पण विहीर कुठं हाय हे कळल्यावर डोळे झाकून तिकडं चालणार न्हाई. ओल दिसली की वाकळ ओसरीवर. ती सुकून वर आणखी काही दिस जाईस्तोर तिथंच. जोर केला तर लेकरं घेऊन माहेरला जाईन. मंग करा मेंढरांशी संसार."

तव्यावरची भाकरी करपू लागली.

"कळ कोणत्या अंगाला येते?" भागाबाईने विचारले.

"कधी डाव्या, कधी उजव्या."

भागाबाई विस्तवाकडे पाहत राहिली. तरुणपणी तिलाही अशी कळ यायची. वायगोळा समजून ती ओवा चावायची, वर कोमट पाणी प्यायची, आणि तशीच नवऱ्याजवळ जायची. तिने आपली लेकरे आठवली. जगलेली आणि मातीत गेलेली. मग ती एकाएकी उठली. पिठाचे हातही तिने पुसले नाहीत.

माय आता हिच्यावर हात टाकणार, असे मसाजीला वाटले. तो दोघींच्या मध्ये उभा राहिला.

"जाऊ दे, माय. निजतो मी ओसरीवर."

"तू कुठं बी नीज. आधी गाडी जुंप. हट्ट्याला जायचंय."

"आता? दिवस बुडाला. रझाकार फिरून राहिले वाटेनं."

"फिरू दे. तुझी बहीण शालू बी तिथं सासरी मागल्या बाळंतपणात मरता मरता वाचली. तिला बी न्हाल्यावरचेच दिस भीतीचे म्हणून सांगून आले मी."