काट्याला टेकलेला पारा

नेत्राने उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं आणि पाऱ्याच्या वायुभारमापकाचा तळचा स्क्रू फिरवायला घेतला. मागे तिचे मार्गदर्शक मुजुमदार सर उभे होते. आज हात हलला तर प्रकल्पातून नाव कमी, असं त्यांनी कालच आवाज न चढवता सांगितलं होतं. चंदीगडच्या त्या प्रयोगशाळेत मराठी बोलणारे हे दोघंच. इतरांना सर हिंदीत रागवत. नेत्राला बोलणी मातृभाषेत मिळत, एवढाच काय तो जिव्हाळा.

नाव कमी म्हणजे संशोधन संपलं आणि अमरावतीची गाडी. तिथे आई स्थळं घेऊन बसलेलीच होती.

थरथरीवर उपाय झाले होते. मोहालीतल्या रूममेटने चहा बंद करवला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुखना तळ्यावर फिरायला सांगितलं. आईने फोनवरूनच निदान केलं की तिकडची थंडी बाधली. हिरड्या दुखतात, झोप येत नाही, हे नेत्राने कुणाला सांगितलंच नाही. तेवढ्यासाठी तळ्यावर आणखी किती फिरायचं?

सरांचे नियम सोपे होते. आधी तापमान टिपायचं, कारण जवळ उभ्या माणसाच्या अंगाची ऊबही यंत्राला कळते. मग स्क्रू फिरवून नळीखालच्या, चामड्याचा तळ असलेल्या कुंडीतला पारा वर आणायचा. तो हस्तिदंती काट्याच्या टोकाला नुसता टेकला पाहिजे. मग डोळा नळीतल्या पाऱ्याच्या माथ्याशी समपातळीत ठेवून आकडा वाचायचा. वाऱ्याने वाचन बिघडू नये म्हणून खिडक्या बारमाही बंद. या शिस्तीमुळे तिचा आकडा शेजारच्या डिजिटल यंत्राशी तंतोतंत जुळे, आणि तपासणी समितीनेही यंत्राची प्रकृती उत्तम असल्याचा निर्वाळा दिला होता. माणसांची प्रकृती समितीच्या कक्षेत येत नव्हती.

स्क्रू अडला. पारा काट्याच्या खालीच राहिला.

"आता आणखी वर येत नाही, सर," नेत्रा म्हणाली. "रोज थोडा जास्त फिरवावा लागत होता. तुम्ही म्हणाला होतात, टेकलाच पाहिजे."

सर पुढे झाले. गुडघे टेकून त्यांनी यंत्राखाली मोबाइलचा उजेड टाकला. कुंडीचं जुनं चामडं पाझरत होतं. फरशीच्या सांध्यांतून, थेट तिच्या खुर्चीच्या पायांपर्यंत, मोहरीएवढे चंदेरी मणी पसरले होते. रोज थोडा पारा गळत होता, आणि नेत्रा रोज थोडा स्क्रू फिरवून आकडा बरोबर ठेवत होती. गळलेल्या पाऱ्याची वाफ त्या बंद खोलीत दुसरीकडे जाणार तरी कुठे? ती श्वासातून आत जात होती.

"हात कधीपासून हलतो?" सरांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

सर उठून खिडकीशी गेले. कडी काही केल्या त्यांच्या बोटांत येईना.

"माझा त्याच्या आधीच्या होळीपासून," ते म्हणाले. "मला वाटलं, वय झालं. म्हणून तर हे काम तुला दिलं."