पुढचं वाक्य

“हात कमी हलव, माशा मारतेयस का?” मी धाकट्या जावेला म्हणाले. मंडळाच्या हळदीकुंकवाला दर वर्षी भाषण करायचे मी. यंदा बायकांनी शर्वरीला उभं केलं, आणि तिची तयारी मात्र माझ्या गळ्यात पडली.

“वहिनी, अडले तर तुमच्याकडे बघेन. नुसते ओठ हलवा.”

कार्यक्रमात ती मधेच अडलीच. पुढचं वाक्य मीच घातलेलं, माझं सगळ्यात लाडकं. तिने पहिल्या रांगेत माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकले आणि पायाशी ठेवलेल्या वाणाच्या वाट्या रचत बसले.

माइकवरून तिचं हसू ऐकू आलं. “विसरले बाई. भाषण आमच्या वहिनींनी बसवलंय, त्यामुळे निम्मं त्यांच्याकडेच राहिलंय. वहिनी, पुढचं तुम्हीच सांगा.”

हॉलभर हशा पिकला. टाळ्या थांबेनात. कुणीतरी मला दंडाला धरून उठवलं. मी ते वाक्य म्हटलं, खणखणीत, एकदाही न अडखळता.

खाली बसले तेव्हा शेजारची बाई हसून हसून डोळे पुसत होती.

“गोड बोलते हो तुमची जाऊ,” ती म्हणाली. “तुम्ही आत्ता काय म्हणालात? ऐकूच आलं नाही.”