पाट आल्याशिवाय नाय
मालूआत्यांच्या पेणमधल्या गणपती कारखान्यात फोन आला. “कॅप्टन बोलतोय. छावणीला पन्नास मूर्ती हव्यात. कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, आगाऊ रक्कम जमा होईल.” आत्यांच्या खात्यात यंदाच्या शाडूमातीचे पैसे होते. पिनचे तीन आकडे टाकून त्या थांबल्या. “पाट कुठाय? मूर्ती ज्यावर बसणार तो पाट आल्याशिवाय आम्ही पैसे घेत नाय.” “मॅडम, फोनवरून पाट कसा देऊ?” “मग घेऊन या. आणि पैसे घ्यायला पिन कशाला हो? तो तर द्यायला लागतो.” “ते... सिस्टीमच तशी आहे, मॅडम,” कॅप्टन चाचरला. आत्यांना दया आली. “घरी गणपती बसतो ना तुमच्या?” “दीड दिवसाचा,” त्याच्या तोंडून निघून गेलं. “मग पाट असंल की!” “आईनं माळ्यावर ठेवलाय... काकू, तिथं पोलीस नसतील ना?” “हायत की. चौकीचा गणपती आम्हीच करतो. या बिनधास्त.”