चार बोटं कापड

मुख्याध्यापिकांनी कागद पुढे सरकवला. "रेळेकर, तुमची मुलगी म्हणते, मी मुलगा आहे. नाव बदलून हवंय, पॅन्ट घालायचीय. नववीतलं मूल, पालकांना कळवून त्यांची सही घेतल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही."

भिंतीला टेकून उभं असलेलं लेकरू मान वर करायला तयार नव्हतं.

रेळेकर टेलरांनी चष्मा चढवला, कागद दोनदा वाचला आणि सही ठोकली. समजूत घालायच्या तयारीत असलेल्या बाई बघतच राहिल्या.

मग रेळेकरांनी पिशवीतून गणवेशाची पॅन्ट काढली. लेकराने ती दुकानातल्या उरलेल्या कापडातून चोरून शिवली होती, चिंध्यांच्या पोत्यात दडवली होती. रेळेकरांना ती दिवाळीतच सापडली होती; तेव्हापासून पोर आपणहून कधी सांगतंय, याची ते वाट बघत होते.

"हात चांगला बसलाय," ते लेकराला म्हणाले, "पण खाली दुमडायला कापडच ठेवलं नाहीस. मी जोड देऊन चार बोटं कापड आत दुमडलंय."

"कशाला, बाबा?"

"अरे, या वयात मुलगे भराभर उंच होतात."