जेवताना मराठी बंद

“चल, आता तुझी पाळी,” बाबा मुलीला म्हणाले. आजचं क्रियापद होतं ‘प्रोटेक्ट’.

बाबा इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालवत. घरातही त्यांचा एक कायदा होता: जेवताना मराठी बंद. रोज एक क्रियापद, त्याच्यापुढे येणारं नेमकं अव्यय आणि प्रत्येकाचं एक वाक्य. शिकवण्यापुरती बाबांना तेवढी मराठीची सूट. आईला इंग्रजी येत नसे. देवाने वाचा दिलेली असून ती माउली जेवणं होईपर्यंत मुक्यानेच वाढत राही.

काकाने आधीच बाजी मारली होती. “हेल्मेट प्रोटेक्ट्स मी फ्रॉम पोलीस.” बाबांना हसता हसता ठसका लागला. धाकटा भाऊ म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

मुलगी ताटातलं अन्न नुसतं चिवडत होती. वाक्य तिने सकाळपासून मनात घोळवलं होतं. मराठीत ते तोंडातून फुटतच नव्हतं. दोनदा आईजवळ गेली, दोनदा पाणी पिऊन परत आली. परक्या भाषेत जमेल, असं तिला वाटलं. शिवाय बाबा कान देऊन ऐकत ते याच वेळी.

“प्लीज, बाबा, प्रोटेक्ट मी बाय काका.”

“बाय? इथेच तर तुझं घोडं पेंड खातं. प्रोटेक्टपुढे काय येतं?”

“फ्रॉम.”

“मग पूर्ण बोल. मान वर करून.”

तिने मान वर केली. समोर काका बसला होता.

“प्लीज, बाबा, प्रोटेक्ट मी फ्रॉम काका.”

“मी काय वाघ आहे का गं?” काकाच्या तोंडून मराठी निसटली.

“वाघ असो की मुंगी, फ्रॉमच लागणार,” बाबा म्हणाले. “शाब्बास, बाळा. एकदम अचूक.”

आईने लेकीकडे पाहिलं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. आईने हातातलं भांडं खाली ठेवलं.

“काय म्हणाली ती?”

“वहिनी, मराठी बंद,” काका म्हणाला.

“भाऊजी, मी यांना विचारतेय.”

बाबांनी घास उचलला. “अगं, साधं वाक्य आहे. ती म्हणतेय, बाबा, मला काकापासून वाचवा.”

मराठीत आल्यावर ते वाक्य त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं.